नेरूळ-उरण लोकल: महिन्यातून दोनदा जाणारीचं मत

माझं माहेर उरणचं, सासर नेरूळला. १२ जानेवारी २०२४ ला उरणपर्यंत लोकल सुरू झाली, तेव्हापासून महिन्यातून दोनदा तरी मी या गाडीने जाते. हे एका फेरीवरचं मत नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आता पोहोचायची वेळ सांगता येते. उरणच्या रस्त्यावर करळ फाट्याला बंदराच्या कंटेनरच्या रांगेत अडकून ज्यांनी दुपारच्या दुपारी घालवल्यात, त्यांना याची किंमत कळेल. सव्वा महिन्याच्या लेकीला घेऊन सासरी येत होते, तेव्हा आमची बस जासईच्या अलीकडे दोन तास जागची हलली नव्हती. पुढेमागे नुसते ट्रेलर. लेक रडून झोपली, उठली, परत रडली.

त्याआधी मुंबईला कॉलेजात होते, तेव्हा मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला लाँचने जायचे. तिथे घड्याळ चालत नाही, पाणी चालतं. मोऱ्याला गाळ फार, मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही. आमची आय तिथीवरून भरतीची वेळ मोजून डबा भरायची.

ठाण्याला बोरीबंदरहून पहिली आगगाडी आली १६ एप्रिल १८५३ ला. उरणला माणसांची गाडी यायला २०२४ उजाडलं. रूळच नव्हते म्हणावं, तर तसंही नाही. १९८९ ला न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं, जासईकडून त्याच्या मालगाड्या धावू लागल्या. ज्यांची शेतं आणि मिठागरं बंदराला गेली, ते फाटकाशी उभे राहून डबे मोजायचे. माझे बाबा त्यातलेच. २०१८ ला वाटेतल्या खारकोपरपर्यंत लोकल आली तेव्हा ते म्हणाले होते, आता काय, आलीच. पुढच्या टप्प्याला पाच वर्षं लागली. तेवढे ते थांबले नाहीत.

आता गाडीचं. नेरूळहून उरण पाऊण तासाच्या आसपास. दुपारच्या गाडीला खिडकी हमखास मिळते. खारकोपर सोडलं की खाजण आणि कांदळवन लागतं, मग बंदराच्या क्रेन दिसायला लागतात. बायकांच्या डब्यात करंजाच्या कोळणी पाट्या घेऊन भेटल्या, तर सुकट तिथेच घ्या, दुकानापेक्षा चांगली असते.

फेऱ्या मात्र वाढायला हव्यात. मुंबईच्या हार्बर लाईनसारखी मागोमाग दुसरी गाडी येत नाही, म्हणून परतीची वेळ जातानाच बघून ठेवा. संध्याकाळची एक चुकली की पुढचीची वाट बघण्यात बराच वेळ जातो, आणि लहान मुलं बरोबर असली की तो जड जातो.

आय अजून उंबऱ्यातच विचारते, "गारी भेटली का गो?" पण आता ती भात माझी वेळ धरून लावते, आणि मी पोहोचते तेव्हा तो गरम असतो.