सिंकथिंग, दहा महिन्यांनंतर: 'चालू आहे' म्हणजे नेमकं काय चालू आहे?

सिंकथिंग हा आपल्या निरनिराळ्या यंत्रांवरच्या फायली आपोआप एकसारख्या ठेवणारा प्रोग्राम. एका रविवारी रात्री डेस्कटॉपवर एक लांबलचक मजकूर दुरुस्त करून ठेवला. सोमवारी बाहेर जाऊन लॅपटॉप उघडला, तर त्यात शुक्रवारचीच प्रत. लॅपटॉप रात्रभर घरीच, वायफायवर, चार्जिंगला होता. टर्मिनलमध्ये सिंकथिंगच्या सेवेची (मागे चालणाऱ्या प्रोग्रामची) स्थिती विचारली तर हिरवा ठिपका आणि शेजारी 'ॲक्टिव्ह, रनिंग', तेही तीन आठवड्यांपासून अखंड. म्हणजे प्रोग्राम चालू होता, काम मात्र होत नव्हतं.

कारण निघालं माझंच. दोन दिवसांपूर्वी लॅपटॉपवर व्हिडिओ ओतून ठेवले होते आणि डिस्क काठोकाठ भरली होती. सिंकथिंग डिस्कवर किमान १ टक्का जागा मोकळी ठेवतं, ती मूळ सेटिंगच आहे. त्याखाली गेलं की नव्या फायली घ्यायचं थांबतं. हे सगळं त्याच्या वेब पानावर लिहिलेलं होतं: फोल्डरपुढे 'आउट ऑफ सिंक', खाली 'फेल्ड आयटम्स', त्यावर क्लिक केलं की प्रत्येक फाइलपुढे जागा अपुरी असल्याचं कारण. मी ते पान महिनाभर उघडलंच नव्हतं. सेवा चालू आहे ना, मग झालं, असं धरून बसलो होतो.

तेव्हापासून हा प्रोग्राम वापरण्यापेक्षा त्याच्यावर लक्ष कसं ठेवायचं याच्याशीच माझी जास्त झटापट झाली, म्हणून हा अनुभव मुख्यतः त्याबद्दलच आहे. सिंकथिंग मुक्त स्रोत आहे, २०१३ पासून आहे, गो भाषेत लिहिलेलं आहे, आणि मधे कोणाचा सर्व्हर न ठेवता तुमची यंत्रं एकमेकांशी थेट बोलतात, एवढी ओळख पुरे. माझ्याकडे चार यंत्रं जोडलेली आहेत: लिनक्स डेस्कटॉप, लिनक्स लॅपटॉप, फोन, आणि कायम चालू असणारा एक जुना छोटा संगणक. पाचवा ताईचा विंडोज लॅपटॉप. घरातल्या कागदपत्रांचे स्कॅन आणि फोटो आम्ही दोघं एकाच फोल्डरात ठेवतो.

आधी सर्वांत वरच्या पातळीबद्दल, म्हणजे प्रोग्राम जिवंत आहे का. लिनक्सवर सिंकथिंग बहुधा युजर सर्व्हिस म्हणून, म्हणजे एका वापरकर्त्यापुरती सेवा म्हणून चालतं, त्यामुळे सिस्टिमसीटीएलला (सेवांची स्थिती सांगणाऱ्या आज्ञेला) विचारताना 'युजर' हा पर्याय द्यावा लागतो. तो विसरलात तर अशी सेवाच नाही असं उत्तर येतं आणि माणूस उगाच घाबरतो. पहिल्या आठवड्यात मी याच भानगडीत दुसऱ्यांदा इन्स्टॉल करायला निघालो होतो. दुसरी गंमत छोट्या संगणकावर झाली. त्यावर मी दुरून लॉगिन करायचो, सगळं छान चालू दिसायचं. लॉगआउट केलं की बंद! युजर सर्व्हिस शेवटच्या लॉगआउटबरोबर थांबते. लॉगिनसीटीएलमधून त्या युजरसाठी 'लिंगर' चालू केलं की ती लॉगिनशिवायही चालत राहते. पाहायला गेलं की कायम चालूच सापडणार, कारण पाहायला जाण्यासाठी लॉगिन करावं लागतं. हे कळायला मला दोन आठवडे लागले.

विंडोजवर मूळ प्रोग्रामला स्वतःची खिडकी नाही. टास्क मॅनेजरमध्ये एकाच नावाच्या दोन प्रोसेस दिसतात. ताईला वाटलं व्हायरस आहे. तसं काही नाही. एक प्रोसेस दुसरीवर नजर ठेवते, दुसरी पडली की तिला पुन्हा उठवते.

पण खरं काय चाललंय ते कळतं वेब पानावरच: आपल्याच यंत्राचा १२७.०.०.१ हा पत्ता आणि ८३८४ हा पोर्ट. डावीकडे फोल्डर, उजवीकडे यंत्रं. फोल्डर उघडला की 'ग्लोबल स्टेट' आणि 'लोकल स्टेट' अशा दोन ओळी दिसतात. पहिलीत सगळ्या यंत्रांचं मिळून काय असायला हवं, दुसरीत या यंत्रावर प्रत्यक्ष काय आहे. दोन्ही आकडे सारखे असले की फोल्डर 'अप टू डेट', हिरवा.

इथेच एक मोठी फसगत आहे, आणि ती मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. 'ग्लोबल स्टेट' म्हणजे या यंत्राला आजवर जेवढं कळलंय तेवढंच. डेस्कटॉपवर मी दहा नव्या फायली बनवल्या आणि त्यानंतर तो लॅपटॉपशी बोललाच नाही, तर लॅपटॉपच्या दृष्टीने त्या फायली जन्मालाच आलेल्या नाहीत. तो निर्धास्तपणे हिरवा. खोटं बोलत नाही बिचारा, त्याला ठाऊकच नाही. त्यामुळे डावीकडचा हिरवा रंग पाहून पान बंद करायचं नाही. उजवीकडे दुसरं यंत्र जोडलेलं आहे का ते पाहायचं, आणि 'डिस्कनेक्टेड' असेल तर 'लास्ट सीन' ची वेळ वाचायची. तो हिरवा रंग त्या वेळेपर्यंतचाच आहे.

तिथेच जोडणीचा प्रकारही दिसतो. घरातल्या घरात असाल तर टीसीपी किंवा क्विक (दोन्ही थेट जोडणीचे प्रकार), लॅन असं काहीतरी. बाहेर मात्र मला एकदा 'रिले' दिसलं आणि वेग गोगलगाईचा. दोन यंत्रांना थेट वाट सापडली नाही की मधल्या रिले सर्व्हरमधून माल जातो. मजकूर कूटबद्ध असल्यामुळे रिलेला वाचता येत नाही, पण वेग मात्र त्याच्या मर्जीवर. माझ्या बाबतीत डेस्कटॉपच्या फायरवॉलने २२००० हा पोर्ट अडवला होता. तो मोकळा केला, राउटरमध्येही वाट करून दिली आणि 'रिले' गेलं. जोडणीचा प्रकार वाचायची सवय नसती तर मी महिनाभर इंटरनेटवाल्यालाच शिव्या देत बसलो असतो.

टक्क्यांबद्दलही बोलायला हवं. छोटा संगणक ताईच्या यंत्रापुढे दोन दिवस ९५ टक्के दाखवत होता, आणि शिल्लक किती, तर शून्य बाइट. मी केबल बदलली, दोन्हीकडे रीस्टार्ट केलं. नंतर कळलं की पाठवायचा डेटा काहीच उरलेला नसेल आणि फक्त काही गोष्टी पुसायच्या बाकी असतील, तर सिंकथिंग मुद्दाम ९५ टक्के दाखवतं, कारण शंभर म्हणणं खोटं ठरेल. पुसण्याचं काम अडलं होतं कारण विंडोजवर त्यातली एक फाइल ताईने दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी ठेवली होती. फाइल बंद, काम फत्ते. म्हणजे ९५ आणि शून्य बाइट ही जोडी दिसली तर नेटवर्कच्या मागे लागू नका, पुसण्यात काय अडलंय ते बघा.

'आत्ताच सेव्ह केलं, मग गेलं का नाही?' याचं उत्तर बहुतेक वेळा 'दहा सेकंद थांब' एवढंच असतं. बदल लक्षात आला की सिंकथिंग सुमारे १० सेकंद वाट पाहतं, म्हणजे पाठोपाठचे बदल एकत्र घेता येतात. फाइल पुसली असेल तर आणखी मिनिटभर. शिवाय तासातून एकदा पूर्ण फोल्डर नव्याने तपासतं. फार मोठ्या फोल्डरात, जुन्या लिनक्सवर, नजर ठेवता येणाऱ्या डिरेक्टऱ्यांची मर्यादा संपते. मग तात्काळ कळणं बंद होतं आणि सगळं त्या तासाभराच्या तपासणीवर येतं. माझ्या छोट्या संगणकावर नेमकं हेच होतं; पानावर तशी सूचनाही होती. कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) ती मर्यादा वाढवली आणि प्रश्न मिटला.

एकदा मात्र लाल अक्षरं पाहून मी खरंच हबकलो: फोल्डर 'स्टॉप्ड', मार्कर सापडत नाही. प्रत्येक फोल्डरात सिंकथिंग 'डॉट एसटीफोल्डर' नावाची एक छोटी खूण ठेवतं. ती दिसली नाही की काम बंद. छोट्या संगणकाची बाहेरची डिस्क रीबूटनंतर माउंटच झाली नव्हती, म्हणजे जोडलीच गेली नव्हती, आणि तिच्या जागी रिकामा फोल्डर होता. ही खूण नसती तर त्याने 'सगळ्या फायली पुसल्या वाटतं' असा अर्थ लावून बाकी चारही यंत्रांवरून त्या पुसल्या असत्या. तेव्हा ही चूक दिसली तर खूण हाताने नव्याने बनवून मोकळे होऊ नका. आधी डिस्क जागेवर आहे का ते बघा. (फायलींच्या जुन्या प्रती ठेवणं मूळ सेटिंगमध्ये बंद असतं; मी ते पहिल्या दिवशीच चालू केलं, तुम्हीही करा. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे हे इथे अंगाशी येऊन कळतं.)

फोनचं वेगळंच. अधिकृत अँड्रॉइड ॲप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं, मी त्याचा फोर्क, म्हणजे त्याच कोडवरून इतरांनी काढलेली आवृत्ती, वापरतो. चार्जिंगला आणि वायफायवर असतानाच चालव, अशी अट मी स्वतःच घातली आहे. बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली फोन मागचे प्रोग्राम मारून टाकतो ते निराळंच, त्यातून या ॲपला सूट द्यावी लागली. त्यामुळे फोन दिवसभर 'डिस्कनेक्टेड' असतो आणि ते ठीकच आहे. सात दिवस दिसला नाही तर शेजारी 'इनॲक्टिव्ह' असंही येतं. तोपर्यंत मी लक्ष देत नाही.

आणि एक गोष्ट अशी की ती कोणत्याच रंगात दिसत नाही: दोन्हीकडे एकाच वेळी बदललेली फाइल. सिंकथिंग एक प्रत मूळ नावाने ठेवतं आणि दुसरीच्या नावात 'सिंक-कॉन्फ्लिक्ट', तारीख, वेळ आणि बदल करणाऱ्या यंत्राच्या ओळखीची पहिली अक्षरं घालतं. ही दुसरी प्रत साध्या फाइलसारखी सगळीकडे पोचते आणि सगळीकडे हिरवं. पहिल्या चार महिन्यांत अशा एकोणीस फायली साचल्या होत्या, दोनमध्ये खरंच हरवलेले परिच्छेद सापडले. आता दर रविवारी त्या नावाने शोध घेतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये २.० ही आवृत्ती आली. तिच्यात आतला डेटाबेस बदलून एसक्यूलाइट झाला आहे. पहिल्यांदा सुरू करताना जुना डेटाबेस नव्यात उतरवावा लागतो आणि मोठ्या फोल्डरांना वेळ लागतो. छोट्या संगणकावर मी जेवून आलो तरी चालूच होतं. तेवढा वेळ हात बांधून बसा, मधे बंद करू नका.

दर वेळी पान उघडायचा कंटाळा, म्हणून एक स्क्रिप्ट लिहिली. सिंकथिंगचा स्वतःचा आरईएसटी एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामने माहिती विचारायची सोय) आहे, सेटिंगमधली किल्ली दिली की कुठलं यंत्र किती टक्के, किती बाइट बाकी, शेवटचं कधी दिसलं, सगळं सांगतो. स्क्रिप्ट काही बिघडलं तरच सूचना द्यायची. दोन महिने सुखात गेले, एकही सूचना नाही. मग कळलं की किल्ली मी मधे बदलली होती आणि स्क्रिप्ट पहिल्याच ओळीला मरत होती. पहारेकरी झोपला तरी शांतताच असते.

म्हणून उलटा मार्ग धरला. प्रत्येक यंत्र दर पंधरा मिनिटांनी सामायिक फोल्डरातल्या स्वतःच्या एका छोट्या फाइलमध्ये फक्त वेळ लिहितं. नाव ठेवलं 'ठोका', पुढे यंत्राचं नाव. दोघांनी एकाच फाइलमध्ये लिहायचं नाही, नाहीतर पुन्हा कॉन्फ्लिक्ट. मग लॅपटॉपवर एवढंच पाहायचं: डेस्कटॉपचा ठोका किती जुना आहे? अर्ध्या तासाच्या आतला असेल तर सेवा, नेटवर्क, डिस्क, मार्कर, स्कॅन, सगळं एकदमच तपासून झालं. डिस्क भरली तर ठोकाही येत नाही, रिकामा फोल्डर असेल तरी येत नाही. कोणत्याही रंगापेक्षा माझा यावर जास्त भरवसा आहे. त्रुटी आहेत: मोठा व्हिडिओ जात असेल तेव्हा ठोका उशिरा येतो, आणि जुन्या प्रती ठेवण्याच्या सेटिंगमुळे ठोक्यांच्याही प्रती साचतात. फायली दोन-चार अक्षरांच्या, राहू देत म्हटलं.

नुसतं टास्कबारमधलं चिन्ह बघून समाधान मानणाऱ्यांसाठी हा प्रोग्राम नाही, हे मोकळेपणाने सांगतो. आधी वापरत होतो त्या पैसे देऊन घेतलेल्या सेवेत ढगावर बरोबरची खूण असायची, त्यापलीकडे ती काही सांगत नसे आणि मी विचारतही नसे. इथे विचारलं तर सगळं कळतं, पण विचारावं लागतं.

ताईने मात्र ते वेब पान आजवर एकदाही उघडलेलं नाही. फोल्डर तारखेनुसार लावते आणि वरची फाइल बघते. परवा दुपारी फोन आला: "अरे, तुझा ठोका सकाळी नऊला थांबलाय. बघ जरा." डेस्कटॉपचा प्लग निघाला होता.