सायरन वाजला आणि 52,699 रुपये गेले

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. अंबडच्या एका कारखान्यात 31 वर्षं अकाउंट्सला काढली, दोन सह्यांशिवाय एक व्हाउचर पुढे सरकू दिलं नाही. तोच मी शुक्रवारी सकाळी सिडकोतल्या घरात बसून 52,699 रुपये घालवून बसलो. पुण्याच्या मुलालासुद्धा तीन दिवस सांगितलं नव्हतं.

सिन्नरच्या जमिनीचा सातबारा हवा होता. शोधल्यावर सगळ्यात वर जे आलं ते दाबलं. ती जाहिरात होती. खऱ्या सरकारी पोर्टलवर डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत मिळतो, पंधरा! या पानाने 'रोबोट नसाल तर अलाऊ दाबा' म्हटलं, मी दाबलं. दोन मिनिटांत सगळी स्क्रीन लाल-निळी, सायरन चालू, आणि एक बाई इंग्रजीत ओरडतेय की तुमची बँकेची माहिती चोरीला जातेय, कॉम्प्युटर बंद करू नका, खालच्या नंबरवर फोन करा. कोपऱ्यातली फुली गायब. माउसचा बाण दिसेना.

स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "अहो, बंद करा ना ते! पिन काढा सरळ."

मी म्हणालो, "तुला काय कळतं यातलं?"

तिने पिन काढली असती तर प्रकरण तिथेच संपलं असतं. कारण व्हायरस नव्हताच. ते नुसतं वेबपान, ब्राउझर फुल स्क्रीन करून बसलेलं. एस्केप दाबून धरा. नाहीच सुटलं तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर मारा, आणि परत उघडताना जुनी पानं उघडू का विचारलं तर नाही म्हणा. हे मला मुलाने फोनवर एका मिनिटात सांगितलं. तीन दिवसांनी.

आणि त्या पानावर चाललेला तो व्हायरसचा स्कॅन! चार सेकंदांत शंभर टक्के. माझा अँटीव्हायरस दर रविवारी दीड तास घेतो, तेवढ्यात मी दाढी, अंघोळ उरकून मिसळ खाऊन येतो. हे मला माहीत होतं. डोळ्यांसमोर होतं. तरी फोन लावला. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतोच, हेही आता कळतंय.

पलीकडचा माणूस 'सर, सर' करत हिंदीत इतकं गोड बोलला की काय सांगू. आमच्या बँकेत इतक्या वर्षांत कुणी असं बोललं नाही. त्याने स्क्रीन शेअरचं सॉफ्टवेअर टाकायला लावलं, मग बाण आपोआप फिरायला लागला. विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे कॉम्प्युटरची नोंदवही, उघडून लाल खुणांची रांग दाखवली, "ये सब हॅकर है सर." त्या खुणा कोणाच्याही चांगल्या चालणाऱ्या कॉम्प्युटरवर असतात. तीन वर्षांच्या 'सुरक्षा कवचा'चे 4,999 मी स्वतः यूपीआयने दिले. मग म्हणे नेट बँकिंग उघडा, खातं सुरक्षित करतो. स्क्रीन काळी झाली, मोबाइलवर कोड आला, 'रजिस्ट्रेशनचा कोड' म्हणून मी तो वाचून दाखवला. 38,500. मेसेजमध्ये रक्कम लिहिलेली होती हो! चष्मा डोळ्यांवरच होता. घाबरलेला माणूस फक्त आकडे वाचतो, आजूबाजूचं वाचत नाही.

1:05 ला बँकेला फोन लावला. मराठीसाठी अमुक दाबा, कार्डासाठी तमुक दाबा, मध्ये संगीत. 1:17 ला आणखी 9,200 गेले. माणूस भेटला 1:27 ला. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमानुसार कळवल्यानंतरचं नुकसान बँकेने सोसायचं. पण माझं 'कळवणं' बँक 1:27 पासून धरते. बावीस मिनिटं मी काय लावणी ऐकत होतो? बाकीच्या दोन रकमांवर एकच उत्तर, 'ओटीपी तुम्हीच दिलात.'

पोलीस ठाण्यात म्हणाले, सायबरकडे जा. तिथे म्हणाले, बँकेचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट आणा. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, म्हणजे बँक बंद. सोमवारी शिक्का मिळाला तर साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या खेपेला एक पोरगेलासा हवालदार हसून म्हणाला, "काका, शिकलेली माणसंच जास्त येतात इकडे." रिक्षा आणि झेरॉक्सचे 640 वेगळे. ते कुठल्या तक्रारीत लिहायचे?

1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर आजच मोबाइलमध्ये टाकून ठेवा. पहिल्या तासात फोन गेला तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. मला तो नंबर शनिवारी रात्री कळला. स्क्रीन त्यांच्या हातात गेली असेल तर आधी इंटरनेट तोडा, ते सॉफ्टवेअर काढा, आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. मी त्याच मशीनवरून बदलत बसलो होतो. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची परवानगी कोणाकोणाला दिलीय ते बघा. माझ्याकडे सतरा साइट निघाल्या, एक तर वधूवर मंडळाची. आमच्या घरात आता लग्नाचं कुणी नाही.

परवा फोन आला. "सर, तुमचे बुडालेले 52,699 परत मिळवून देतो, प्रोसेसिंग फी 2,500." आकडा बरोब्बर. मी "हो का?" म्हणेपर्यंत हिने फोन काढून घेतला.