बारा रंगांचा अ‍ॅक्रिलिक संच, आठ महिन्यांनंतर: हिरवी रेघ वाळल्यावर काळी का पडते

मार्चमध्ये घेतलेला अ‍ॅक्रिलिकचा (पाण्यात कालवायच्या, झटपट वाळणाऱ्या रंगांचा) संच नोव्हेंबरात संपत आलाय. सांगलीचा उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही त्याने पाहिले, म्हणून आता लिहायला हरकत नाही. संच विद्यार्थी प्रतीचा, ९ मिलीच्या बारा ट्यूब, देशी कंपनीचा. काम एकाच प्रकारचं: भडक रंगातली मानवाकृती. डोळ्यांसमोर फ्रेंच चित्रकार मातीसचं १९०५ चं चित्र, पत्नीच्या चेहऱ्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत हिरवा पट्टा ओढलेलं. आकृती मात्र इथली, हळदीच्या पोत्याला टेकून बसलेली बाई, लाल साडी, हाताला आणि गालाला हळदीची पूड. पिवळ्या गालाची सावली हिरव्याकडे झुकते, त्यामुळे तो पट्टा या चेहऱ्यावर उपरा वाटत नाही.

मुख्य तक्रार आधीच सांगतो. या हिरव्या पट्ट्याची रेघ ओली असताना गालाशी अगदी नेमकी बसते. दहा मिनिटांत वाळते आणि जखमेच्या वणासारखी दिसायला लागते. अ‍ॅक्रिलिकचे रंगकण ज्या चिकात असतात तो चीक ओला असताना दुधी असतो, पाणी उडालं की काचेसारखा स्वच्छ होतो. म्हणजे ओल्या रंगातला तो पांढुरका उजळपणा उधारीचा असतो, वाळताना तो परत जातो. पांढऱ्यात हा फरक जवळपास नसतो, गडद आणि पारदर्शक रंगांत डोळ्यांत भरतो. संचातलं व्हिरिडियन नावाचं गडद हिरवं बहुतेक वेळा फ्थॅलो हिरवं असतं (ट्यूबच्या मागे ‘पीजी ७’ हा रंगद्रव्याचा क्रमांक दिसला की समजायचं), आणि तेच सगळ्यात जास्त फसवतं. मातीसचं मूळ चित्र तैलरंगातलं. तिथे रंग कित्येक तास ओला राहतो, कड पुसून पुन्हा बसवता येते. इथे ती सवलत नाही.

बऱ्याच नासाडीनंतर माझं माप असं ठरलंय: लेमन यलो दोन भाग, टायटॅनियम पांढरा एक भाग, आणि हिरवं काडेपेटीच्या काडीच्या टोकाला लागेल एवढंच. त्याहून जास्त घेतलं की हिरवं सगळं गिळून टाकतं. मग ते मारायला आणखी पिवळं, आणखी पांढरं घालत बसावं लागतं आणि दोन ट्यूब रिकाम्या होतात. हवा त्यापेक्षा एक पायरी उजळ रंग कालवायचा. त्याच कॅनव्हासच्या तुकड्यावर एक फटकारा मारायचा, हेअर ड्रायरने मंद वाऱ्यावर वाळवायचा आणि मगच चेहऱ्याला हात लावायचा. तुकड्यावर मिश्रणाचं प्रमाण पेन्सिलीने लिहून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी तोच रंग पुन्हा कालवता येतो.

पट्टा बसलाय की नाही हे रंगावरून ठरवूच नका. मोबाइलवर फोटो काढून कृष्णधवल करा. पट्टा उजेडाच्या गालापेक्षा गडद आणि सावलीच्या गालापेक्षा उजळ दिसला तर नाक उभं राहतं. तो दोन्हींपेक्षा काळा दिसला तर रंग कितीही सुंदर असो, चेहऱ्याला चीर पडते. मातीसचा पट्टा चेहऱ्याचे दोन भाग करतो, एक पिवळट, एक गुलाबी, आणि ते दोन्ही पट्ट्याच्या आधारावर टिकतात. हेच खरं शिकण्यासारखं आहे, नुसता हिरवा रंग उचलून काही मिळत नाही.

आता मत बदललं ते. पहिले दोन महिने संच हलक्या प्रतीचा आहे, रंग खडूसारखा वाळतो आणि दुसऱ्या थराच्या ओल्या ब्रशला उचलून येतो, असं माझं पक्कं मत होतं. त्यात संचाचा दोष थोडा आणि पाण्याचा जास्त निघाला. एप्रिलमध्ये पंख्याखाली प्लेटमधला रंग पाच मिनिटांत कातडं धरतो. मग माणूस वरून पाणी शिंपडत राहतो. चीक पातळ होतो, रंगकणांना धरून ठेवायला तो पुरत नाही, आणि थर कमकुवत पडतो. उपाय स्वस्त आहे. घट्ट झाकणाचा पसरट डबा, तळाला स्वच्छ सुती फडक्याची ओली घडी, तिच्यावर बेकरीत वापरतात तो बेकिंग पेपर. ट्रेसिंगसारखा कडक बटर पेपर चालत नाही, तो सुरकुततो. मेणाचा तर पाणी वर येऊच देत नाही. झाकण लावलं की रंग तीन-चार दिवस मऊ राहतो. पुढे वास येऊ लागतो, तेव्हा फडकं बदलायचं.

लाल रंगाबद्दलची तक्रार मात्र आठ महिन्यांनंतरही कायम आहे. संचातला व्हर्मिलियन पातळ झाकतो. जांभळ्या सावलीवर थेट दिला की तपकिरी दिसतो, चार थर दिले तरी. साडीच्या जागी आधी पांढऱ्यात चिमूटभर पिवळं घालून एक अपारदर्शक थर द्यावा आणि तो पूर्ण वाळल्यावर लालचे दोन थर. साडी आतून पेटल्यासारखी उजळते. आणि या लालमध्ये निळं घालून जांभळं करायला जाऊ नका, चिखल होतो, कारण लालमध्ये पिवळ्याचा अंश असतो. स्वच्छ जांभळ्यासाठी क्विनॅक्रिडोन मॅजेंटाची (पीआर १२२) ट्यूब वेगळी घ्या, ती अल्ट्रामरीन निळ्याबरोबर मस्त जमते. संचात फ्लोरोसंट रंग असतील तर मुलांच्या तक्त्यांना वापरा. ते उजेडात उडतात.

दुसरी तक्रार पैशांची. पांढरी ट्यूब बाकीच्यांएवढीच, ९ मिली. सोळा बाय वीस इंचाच्या एका कॅनव्हासवर ती संपते आणि तपकिरी, काळा तसेच पडून राहतात. कंपन्यांना हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. टायटॅनियम पांढऱ्याची १२० मिलीची ट्यूब पहिल्याच दिवशी वेगळी घ्या. पिवळ्या ट्यूबमधून आधी पाणीच आलं म्हणून ती दुकानात परत करायला निघू नका. उन्हात चीक वर येतो. झाकण लावून ट्यूब बोटांनी मळली की रंग एकजीव होतो.

कॅनव्हास तयार प्राइम केलेला असला तरी जेसोचा (रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचा) एक हात द्यावा आणि वाळल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासावं. त्यावर यलो ऑकरमध्ये (मातकट पिवळ्यात) थोडा लाल घालून पाणीदार पातळ थर, म्हणजे वॉश. कोऱ्या पांढऱ्यावर सगळेच रंग गडद वाटतात, म्हणून हात आखडतो. या गेरव्या जमिनीवर हिरवं आणि निळं पहिल्या फटकाऱ्यातच बोलतात. मधे मधे जमीन उघडी सोडली तर त्वचेचं अर्धं काम तीच करते.

ज्यांना कातडीचे मऊ, एकमेकांत विरघळलेले टोन हवे आहेत त्यांनी या संचावर राग काढू नये. खटाव तालुक्यातल्या औंधला, औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात, रविवर्म्याची तैलचित्रं जवळ उभं राहून पाहावीत. तो मुलायमपणा सावकाश वाळणाऱ्या तेलाचा आहे. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, मातीसचा हिरवा पट्टा त्याच्या एकच वर्ष आधीचा. एकाच काळात चेहऱ्याकडे पाहण्याच्या या दोन रीती होत्या. अ‍ॅक्रिलिकला दुसरी जमते, पहिली नाही.

पावसाळ्याचं एक. जुलैमध्ये थर वाळल्यासारखा वाटतो पण बोटाला चिकटतो. दोन कॅनव्हास तोंडाला तोंड लावून ठेवले तर सुटताना साडीचा तुकडा दुसऱ्या चित्रावर जातो. मधे बेकिंग पेपर घाला. वार्निश ऑक्टोबरपर्यंत थांबवा, दमट हवेत ते पांढुरकं पडू शकतं. ग्लॉस वार्निशचा एक पातळ हात दिला की मॅट वाळलेलं अल्ट्रामरीन आणि चकचकीत वाळलेलं हिरवं एका पातळीवर येतात. पण वार्निशनेही रंग एक छटा खोल जातो. पट्टा उजळ ठेवताना तेवढी जागा त्यासाठीही राखून ठेवा.