बुलेवार्दिये की ओल्ड पाल?

डिसेंबरात बेळगावच्या टिळकवाडीत रात्री गारठा वाढला की मला कडू, सावकाश प्यायचं काहीतरी हवं असतं. घरी दोनच कॉकटेल्स करतो. दोन्ही १९२०च्या दशकातल्या पॅरिसची, बारटेंडर हॅरी मॅकएलहोनच्या बारशी जोडलेली.

बुलेवार्दियेला बर्बन (मक्याची अमेरिकन व्हिस्की) ४५ मिली, कंपारी (लाल, कडू इटालियन मद्य) ३०, गोड लाल व्हरमूथ (वनस्पतींचा स्वाद दिलेली वाईन) ३०. मोठे, घट्ट बर्फाचे खडे घालून लांब चमच्याने अर्धा मिनिट ढवळायचं. शेकरमध्ये घालून हलवायचं नाही, हवा शिरून ते गढूळ होतं. भांड्याबाहेर धुकं धरलं की गाळायचं. मग संत्र्याची साल ग्लासावर मुडपायची. तेलाचा बारीक फवारा उडतो आणि पहिल्या घोटाआधीच वास नाकात भरतो.

ओल्ड पालमध्ये राय (या धान्याची) व्हिस्की, कंपारी आणि कोरडा पांढरा व्हरमूथ, तिन्ही समान. गोडवा जवळजवळ नाहीच, कडूपणा थेट जिभेवर. तळलेल्या बांगड्यासोबत हेच.

पण कुंद्याच्या मिठाईवर वाढलेल्या आमच्या बेळगावी जिभेला पहिल्यांदा बुलेवार्दियेच द्या. व्हरमूथ ही वाईनच, म्हणून उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवा. कपाटात राहिली की चव आंबूस होते.