‘शंभर टक्के चिकन’ म्हणून विकलेलं पीठ

पुण्यात रविवारी सोसायट्यांत भाजी, पापड-लोणच्यांचे स्टॉल लागतात, त्यात हल्ली कुत्र्यांच्या खाऊचाही एक स्टॉल असतोच. आमच्याकडे लागायचा त्याच्या पाकिटावर लिहिलेलं होतं : ‘१००% चिकन जर्की. प्रिझर्व्हेटिव्ह नाही, रंग नाही. एफएसएसएआय मान्य.’ जर्की म्हणजे मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या, आणि एफएसएसएआय म्हणजे माणसांच्या अन्नावर देखरेख करणारं केंद्राचं प्राधिकरण. १०० ग्रॅमचे १२० रुपये. विक्रेता बोलायला गोड, येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याचं नाव लक्षात ठेवणारा. एकदा नंबर घेतला की पुढचं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर : ऑर्डर टाका, यूपीआय करा, पाकीट गेटवर येईल. पावती कधीच नाही.

आमची बुंदी गावठी कुत्री आहे. दगड सोडून काहीही पचवते. तिला या जर्कीनंतर जुलाब सुरू झाले, ती पाणी जास्त प्यायला लागली आणि पंजे चाटून चाटून लाल केले. डॉक्टरांनी पाकीट मागवून घेतलं, वास घेतला आणि आधी तिची लघवी तपासायला सांगितलं. जुलाबाला लघवी कशाला, हा प्रश्न मलाही पडला. कारण असं : अमेरिकेत २००७ पासून जर्की खाऊन कुत्री आजारी पडल्याच्या तक्रारी तिथल्या एफडीएकडे, म्हणजे अन्न-औषध प्रशासनाकडे, येत होत्या. २०१५ अखेरपर्यंत ६,२०० हून जास्त कुत्र्यांची नोंद झाली, त्यांतली १,१४० हून जास्त दगावली. बहुतेक तक्रारी चीनमधून आलेल्या मालाबद्दल होत्या. नेमकं कारण शेवटपर्यंत हाती लागलं नाही, पण काही कुत्र्यांत मूत्रपिंडाचा एक विशिष्ट बिघाड दिसला : रक्तातली साखर ठीक, तरी लघवीत साखर. बुंदीच्या लघवीत साखर नव्हती. जर्की बंद केल्यावर पोट ताळ्यावर आलं. पंजे जर्कीमुळेच लाल झाले की पावसाळ्यामुळे, हे डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं नाही, म्हणून मीही सांगत नाही.

पण पाकिटात होतं काय, हे मी घरीच पाहिलं. जर्कीची एक पट्टी रात्रभर पाण्यात ठेवली. चिकन वाळवलेलं असो की उकडलेलं, भिजल्यावर त्याचे धागे सुटतात. ही पट्टी सकाळी बोटांनी दाबली तर लापशी झाली, आणि पाणी विटकरी. ‘रंग नाही’ म्हणे! मग त्या लगद्यावर औषधाच्या पेटीतलं पोव्हिडोन आयोडीन पाण्यात पातळ करून दोन थेंब टाकले. शाळेत पिठातलं स्टार्च ओळखायला करायचो तोच प्रयोग. लगदा बघता बघता काळानिळा झाला. शेजारी ताटलीत घरच्या उकडलेल्या चिकनचा तुकडा होता, त्यावर आयोडीन तपकिरीच राहिलं. यात चिकन अजिबात नव्हतं असं या प्रयोगावरून म्हणता येत नाही, पण शंभर टक्के चिकनमध्ये स्टार्चला जागाच नसते.

खरं तर भावावरूनच हिशोब लागत नव्हता. आमच्याकडे बोनलेस चिकन किलोला साडेतीनशेच्या आसपास मिळतं. ते कडक वाळवलं की एका किलोचं जेमतेम पाव किलो उरतं. म्हणजे १०० ग्रॅम जर्कीला ४०० ग्रॅम कच्चं मांस, नुसत्या मांसाचेच १४० रुपये. वर गॅस-वीज, पाकीट, मेहनत. १२० रुपयांत हा माणूस समाजसेवा करत होता असं मानायचं असेल तर प्रश्नच मिटला.

आणि तो एफएसएसएआय क्रमांक. परवाना क्रमांक चौदा आकडी असतो, तो त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर टाकला की परवाना कुणाचा ते दिसतं. हा निघाला भलत्याच जिल्ह्यातल्या एका फरसाणवाल्याचा. त्याच्या आकड्यांशी कुणी खेळतंय हे त्या बिचाऱ्याच्या गावीही नसेल. मुळात अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ मध्ये ‘अन्न’ या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेलं आहे. तेव्हा कुत्र्याच्या खाऊवर ‘एफएसएसएआय मान्य’ दिसलं की तिथेच पाणी मुरतंय असं समजा. पाळीव प्राण्यांच्या खाद्यासाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस ११९६८ हे वेगळं मानक आहे. त्याबद्दल विक्रेत्याला विचारलं तेव्हा साहेबांचं उत्तर : ‘मॅडम, आमचं होममेड आहे.’

पैसे परत मागितल्यावर भाषा बदलली. आधी ‘तुमचा डॉग सेन्सिटिव्ह असेल’. मग एक क्यूआर कोड आला : ‘हा स्कॅन करून पिन टाका, रिफंड लगेच जमा होईल.’ पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, असा कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातातच. तसं लिहून पाठवल्यावर मला ब्लॉक केलं. पलीकडच्या सोसायटीतल्या एका काकांनी मात्र पिन टाकला आणि त्यांचे दोन हजार गेले. त्यांना १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करायला लावली.

बुंदीला आता घरचंच मिळतं : गाजर, काकडी, बी काढलेलं सफरचंद, वाफवलेला लाल भोपळा, मीठ-कांदा-लसूण न घालता उकडलेलं चिकन. तेही दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत, असं डॉक्टरांनी बजावलंय. मनुका-द्राक्षं, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेले शुगर-फ्री पदार्थ तिच्या वाऱ्यालाही ठेवत नाही. येणारे-जाणारे लाडाने ग्लुकोज बिस्कीट पुढे करतात, त्यांच्याशी आमचं रोजचं भांडण आहे.

तोच माणूस आता नव्या नावाने, हिरव्या पाकिटात माल विकतोय. वेष्टनबंद मालावर उत्पादकाचं नाव, पूर्ण पत्ता, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना-वर्ष, कमाल किंमत आणि ग्राहक संपर्क लागतो. वैधमापनाच्या २०११ च्या नियमांनुसार ते बंधनकारक आहे. याच्या पाकिटावर पत्त्याच्या जागी नुसतं ‘पुणे’ आहे. तेवढ्यावरही वजन-मापं तपासणाऱ्या वैधमापन खात्याकडे तक्रार होते, आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंदवता येते. मी दोन्हीकडे केली आहे. तुमच्याकडे असं पाकीट असेल तर रिकामं झालं तरी टाकू नका. यूपीआयच्या नोंदींचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, कारण हा माणूस पाठवलेले मेसेज डिलीट करतो.