हबलवर वर्णपट घ्यायचाय: स्टिस की कॉस?

स्टिस आणि कॉस ही हबल अवकाश दुर्बिणीवरची वर्णपट घेणारी दोन उपकरणं. लक्ष्य दूरचा, मिणमिणता क्वेसार (कृष्णविवरामुळे झळाळणारा दीर्घिकेचा गाभा) असेल तर फार विचार करू नका, कॉस घ्या. २००९ साली बसवलेल्या या उपकरणात दूर-अतिनील प्रकाश एकाच जाळीवरून (प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या बारीक रेघांच्या आरशावरून) परावर्तित होऊन थेट डिटेक्टरवर पोचतो. दर परावर्तनात अतिनील प्रकाश बराच वाया जातो, त्यामुळे ही काटकसर मोलाची.

पण कॉसचं तोंड म्हणजे अडीच आर्कसेकंदांचं (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) गोल भोक. शेजारचा तारा आत शिरला की वर्णपटांची खिचडी. १९९७ च्या स्टिसची फट लांब, अरुंद. ती एम८४ दीर्घिकेच्या गाभ्यावर ठेवली तेव्हा वायूचा वेग जागोजागी वेगळा दिसला नि कृष्णविवराचं वस्तुमान काढता आलं.

खरी गंमत अंशशोधनात, म्हणजे वर्णपटातली कुठली जागा नेमक्या कुठल्या तरंगलांबीची हे ठरवण्यात. कॉसची जाळी फिरवली की लगेच स्थिरावत नाही, हळूहळू सरकत राहते. म्हणून निरीक्षण चालू असतानाच प्लॅटिनम-निऑन दिवा मधूनमधून लुकलुकवतात. त्याच्या रेषा डिटेक्टरच्या वेगळ्या पट्टीवर पडतात आणि प्रत्येक फोटॉनची वेळ नोंदलेली असल्यानं ही सरक नंतर दुरुस्त होते. स्टिसमध्ये दिव्याचं एक्स्पोजर वेगळं घ्यावं लागतं. मला कॉसची युक्ती जास्त आवडते.

मात्र कॉसचा डिटेक्टर वापरलेल्या जागी झिजतो. २०१२ पासून वर्णपट नव्या जागी हलवत आलेत, कुरण बदलावं तसं. दर वेळी अंशशोधन पुन्हा पहिल्यापासून. स्टिसच्या सीसीडीला (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपला) किरणोत्सर्गानं जेरीस आणलंय. शिवाय २००४ मध्ये स्टिस बंदच पडलं होतं. पाच वर्षांनी अंतराळवीरांनी शंभरावर स्क्रू काढून त्यातलं बिघडलेलं इलेक्ट्रॉनिक कार्ड बदललं.