कॅन्डिडासाठी क्रोम अगार, दोन वर्षं वापरल्यावर

आमची लॅब छोटी, सांगलीकडची. आधी सॅम्पलमधे यीस्ट (एकपेशीय बुरशी, कॅन्डिडा त्यातलीच) आलं की सॅबवर, म्हणजे सॅबुरो अगार या साध्या मीडियावर लावायचं, तिथे सगळ्या कॉलनी सारख्याच मलईसारख्या दिसतात, मग जर्म ट्यूब (अल्बिकन्स ही जात ओळखायची टेस्ट) करायची आणि निगेटिव्ह आली की रिपोर्टवर 'नॉन-अल्बिकन्स कॅन्डिडा' एवढंच जायचं. मग डॉक्टरांचा फोन, "अहो पण कुठली? फ्लुकोनाझोल देऊ का नको?" आणि त्यांचं बरोबरच होतं, क्रुसेई ही जात असली तर फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं औषध लागूच पडत नाही, मुळातच रेझिस्टंट असते ती.

म्हणून हायमीडिया कंपनीचं हायक्रोम कॅन्डिडा डिफरेन्शियल अगार मागवलं, यात जातीप्रमाणे कॉलनीचा रंग वेगळा येतो. अल्बिकन्स फिकट हिरवी, ट्रॉपिकॅलिस निळी, क्रुसेई जांभळट, कोरडी आणि कडेला केसाळ, ग्लॅब्राटा मलई-पांढरी. पण खरी किंमत कळली ती आयसीयूतल्या एका कॅथेटरच्या युरिनला. सॅबवर एकच जात आहे असं मी छातीठोक सांगितलं असतं, क्रोमवर बघते तर हिरव्या कॉलन्यांच्या मधे मधे निळ्या, चक्क दोन जाती! मिक्स ग्रोथ पकडायला याच्यासारखं दुसरं काही मी तरी वापरलेलं नाही.

आता सांभाळायच्या गोष्टी. ही पावडर ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करायची नाही, फक्त उकळून विरघळवायची आणि ओतायची. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलाने सवयीने ऑटोक्लेव्हला लावली, अख्खा फ्लास्क फेकून द्यावा लागला, जीव तुटला अगदी. ओतलेल्या प्लेट फ्रीजमधे उजेडापासून झाकून ठेवा. आणि २४ तासांनी रंग वाचायची घाई करू नका, तेव्हा सगळंच फिकं असतं, ४८ तास थांबाच.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ऑरिस. जपानमधे एका पेशंटच्या कानातून मिळालेली आणि २००९ मधे नवीन म्हणून पहिल्यांदा नोंदलेली ही कॅन्डिडाची जात, आणि आपल्याकडच्या आयसीयूंमधेही ती आहे. नेहमीच्या क्रोम अगारवर ती पांढरी, गुलाबी, जांभळट कशीही येते, म्हणजे ग्लॅब्राटा समजून सहज सुटून जाईल. क्रोमॅगर कॅन्डिडा प्लससारखी नवीन मीडिया आहेत, त्यात ऑरिस फिकट निळी आणि भोवती निळं वलय अशी वेगळी कळते, पण आमच्याकडे ती नाहीत. म्हणून ब्लड कल्चरमधून आलेली किंवा रंगात न बसणारी कॉलनी दिसली की आम्ही सरळ मॅल्डी (जात नेमकी ओळखणारं मशीन) असलेल्या मोठ्या लॅबला पाठवतो, नुसत्या रंगावर कधीच रिपोर्ट सोडत नाही.

सॅबपेक्षा महाग आहे खरं. आम्ही प्लेटच्या खालून मार्करने चार भाग करतो आणि आधी सॅबवर वाढलेल्या चार आयसोलेट (वेगवेगळ्या सॅम्पलमधून वेगळ्या केलेल्या वाढी) एकाच प्लेटवर लावतो, चांगलं चालतं. पण सॅम्पल डायरेक्ट लावायचं असेल तर पूर्ण प्लेटच घ्या, कॉलन्या सुट्या आल्या नाहीत तर मधला निळा ठिपका दिसणारच नाही.